कार्डाचा नंबर एजंटच्या कानापर्यंत यायलाच हवा का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. चाळीस एजंटांचं कॉल सेंटर आहे. ग्राहक फोनवरच कार्डाने पैसे भरतात, म्हणजे ते नंबर सांगतात आणि एजंट तो ऐकून पेमेंटच्या पानावर टाइप करतो. तुम्ही फ्लोअरवर मोबाईल बंद केलेत, कागद-पेन काढून घेतलंत, रेकॉर्डिंग एन्क्रिप्ट केलीत. आता रेकॉर्डिंगवाल्या वेंडरने पॉज-रिझ्यूमचं बटण सुचवलंय, म्हणजे नंबर सांगताना रेकॉर्डिंग थांबवायचं आणि मग पुन्हा सुरू करायचं. एवढ्यावर भागेल का? आणि निम्मे एजंट घरून काम करणार आहेत, तेव्हा काय?

भागणार नाही. तुमचे उपाय चुकीचे नाहीत. पण ते सगळे असं धरून चालतात की नंबर एजंटपर्यंत येणारच, आणि आला की सांडू नये म्हणून काळजी घ्यायची. छप्पर गळतंय म्हणून घरभर भांडी ठेवावीत तसं ते आहे. मी सतरा वर्षं कॉल सेंटरच्या टेलिफोनी आणि रेकॉर्डिंगवर काम करतोय. त्यातली पहिली बरीच वर्षं मीही भांडीच ठेवत होतो, म्हणून हे जरा ठासून सांगतोय.

आधी एकाच आकड्याचा प्रवास बघा. ग्राहक म्हणतो, ‘चार’. तो आवाज तुमच्या ट्रंकवरून (बाहेरचे कॉल आणणाऱ्या लाइनवरून) आत येतो, एसबीसीतून (नेटवर्कच्या वेशीवर कॉल सांभाळणाऱ्या यंत्रणेतून) जातो, मग एक्स्चेंजमधून एजंटच्या सॉफ्टफोनवर, म्हणजे संगणकावरच्या फोनवर. वाटेत कुठेतरी रेकॉर्डर त्याची एक प्रत काढून ठेवतो. रेकॉर्डिंगचं आपोआप लेखी रूपांतर करणारं सॉफ्टवेअर असेल तर तो ‘चार’ मजकुरातही उतरतो. एजंट खात्री करायला म्हणून ‘चार ना?’ असं परत म्हणतो. मग टाइप करतो. स्क्रीन रेकॉर्डिंग चालू असेल तर तो आकडा चित्रातही येतो. रात्री या सगळ्याचा बॅकअप होतो. महिन्याभराने क्यूएतल्या (कॉलचा दर्जा तपासणाऱ्या टीममधल्या) कुणाला तोच कॉल ‘उत्तम संभाषणाचा नमुना’ म्हणून आवडतो आणि त्याची क्लिप ट्रेनिंगच्या फोल्डरमध्ये जाऊन पडते. एका आकड्याच्या सात-आठ प्रती झाल्या आणि कुणी काहीही चोरलेलं नाही!

यात मला सगळ्यात उशिरा सापडलेली जागा म्हणजे शेजारची सीट. एकदा एका सेंटरमध्ये तक्रारींचे कॉल ऐकत होतो. त्या टीमचा पेमेंटशी काडीचा संबंध नव्हता, म्हणून ती आम्ही तपासणीतून वगळलेली होती. एका कॉलमध्ये ग्राहक बोलायचा थांबला, दोन-तीन सेकंद शांतता झाली, आणि मागून दुसऱ्याच एजंटचा आवाज स्वच्छ ऐकू आला: ‘शेवटचे चार परत सांगते सर…’ आणि पुढे चार आकडे, मग महिना-वर्ष, मग तीन आकडे. बाई मागच्या रांगेत पेमेंटचा कॉल घेत होत्या आणि ग्राहकाला ऐकू कमी येत असल्याने जोरात बोलत होत्या. त्यांचं स्वतःचं रेकॉर्डिंग नियमाप्रमाणे पॉज होतं. नंबर रेकॉर्ड झाला तो पुढच्या रांगेतल्या मुलाच्या हेडसेटमधून, ज्या कॉलकडे कुणी कधी पाहिलंच नसतं.

आता एन्क्रिप्शनचं बघू, कारण ‘रेकॉर्डिंग एन्क्रिप्टेड आहे, मग काय हरकत’ हे वाक्य मला दर महिन्याला कुणीतरी ऐकवतं. कार्डाच्या माहितीसाठी जगभर जे मानक वापरलं जातं ते पीसीआय डीएसएस. त्याची पहिली आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली. २००६ मध्ये अमेरिकन एक्सप्रेस, डिस्कव्हर, जेसीबी, मास्टरकार्ड आणि व्हिसा या पाच कंपन्यांनी मिळून त्यासाठी वेगळी परिषद स्थापन केली. सध्याची आवृत्ती ४.०.१ आहे आणि त्यातल्या ज्या नव्या अटींना मुदत दिली होती त्याही ३१ मार्च २०२५ पासून लागू झाल्यात. हे मानक कार्डाच्या माहितीचे दोन भाग पाडतं. कार्ड नंबर, नाव, मुदत हा एक भाग. हा साठवायचा तर खरी गरज हवी, नंबर वाचता येणार नाही अशा रूपात हवा, आणि पडद्यावर दाखवताना फार तर सुरुवातीचे बँक ओळखण्याचे आकडे आणि शेवटचे चार दिसावेत. दुसरा भाग म्हणजे सीव्हीव्ही, पिन आणि चुंबकीय पट्टीतली किंवा चिपमधली पूर्ण माहिती. व्यवहाराला मंजुरी मिळाली की हा भाग ठेवायचाच नाही. एन्क्रिप्ट करूनही नाही. मंजुरीच्या आधीच्या काही क्षणांपुरता कुठे साठवला जात असेल तर त्या क्षणांतही तो एन्क्रिप्ट हवा, अशी अट आता आहे. कार्ड देणाऱ्या बँकांना यातून थोडी सवलत आहे, तुम्हाला नाही.

म्हणजे सीव्हीव्ही ऐकू येणारं तुमचं रेकॉर्डिंग कितीही मजबूत कुलुपात असलं तरी ते तिथे असणं हीच चूक आहे. पूर्वी लोक म्हणायचे की आवाजाच्या फायलीत कुणाला शोध घेता येतो? हजारो तासांतून एक नंबर काढायला कोण बसणार आहे? तेव्हा त्यात थोडं तथ्य होतं. आता आवाजाचा मजकूर करणारी सॉफ्टवेअर इतकी सोपी झालीत की रेकॉर्डिंगचं गोदाम म्हणजे शोध घेता येण्याजोगा डेटाबेसच झालाय. बऱ्याच सेंटरनी तर ‘ग्राहक रागावलाय का’ हे कळावं म्हणून ते सॉफ्टवेअर स्वतःच बसवून घेतलंय.

मग पॉज-रिझ्यूम. मी त्याच्या विरोधात नाही, पण ते काय करतं आणि काय करत नाही हे विकत घेण्याआधी माहीत असावं. हाताने दाबायचं बटण असेल तर एजंट ते विसरतो. शिफ्टच्या शेवटच्या तासात जास्त विसरतो. काही हुशार मंडळी उलटं करतात. ग्राहकाशी वाजलं की पॉज दाबतात, म्हणजे क्यूएला ते ऐकूच येत नाही. एका ठिकाणी पॉजच्या वेळांचा अहवाल काढला तर एका एजंटच्या कॉलमध्ये अकरा मिनिटांचा पॉज निघाला. कुठलाही कार्ड नंबर सांगायला अकरा मिनिटं लागत नाहीत.

म्हणून वेंडर म्हणतो की आपोआप होणारं घ्या. पेमेंटचं पान उघडलं की पॉज, पान बंद झालं की रिझ्यूम. हे बरं आहे. पण मी स्वतः बसून असे कॉल ऐकलेत आणि नंबर जवळजवळ नेहमी दोनच जागी निसटतो. पहिली जागा म्हणजे सुरुवात. ग्राहक आधीच कार्ड हातात घेऊन बसलेला असतो. एजंट ‘नमस्कार’ म्हणेपर्यंत तो ‘हां, लिहून घ्या’ म्हणून मोकळा. पान अजून उघडलेलंच नसतं. दुसरी जागा जास्त वाईट. पेमेंट नाकारलं जातं, पान बंद होतं, रेकॉर्डिंग पुन्हा सुरू होतं, आणि एजंट म्हणतो, ‘सर, व्यवहार झाला नाही, सीव्हीव्ही एकदा परत सांगता का?’ ग्राहक सांगतो. सगळं स्पष्ट, मोठ्याने, सावकाश. पहिल्या वेळी घाईत सांगितलेलं कदाचित नीट कळलं नसतं; दुसऱ्या वेळी तो शिकवणीला बसल्यासारखा एकेक आकडा सुटा करून सांगतो.

आणि हे सगळं जमलं तरी एजंट नंबर ऐकतोच. त्याचा हेडसेट, त्याचा संगणक, तो ज्या नेटवर्कवर आहे ते नेटवर्क, हे सगळं मानकाच्या कक्षेत राहतं. आम्ही त्याला स्कोप म्हणतो. पॉज-रिझ्यूमने फक्त रेकॉर्डिंगचा प्रश्न थोडा हलका होतो, बाकी स्कोप होता तेवढाच राहतो.

यावर मला पटलेला उपाय म्हणजे डीटीएमएफ मास्किंग, म्हणजे फोनच्या कळांचे सूर झाकणं. ग्राहक नंबर बोलत नाही, फोनच्या कीपॅडवर दाबतो. एजंट लाइनवरच असतो, ग्राहकाशी बोलत असतो, पण त्याला कळ दाबल्याचा एकसुरी ‘टुं’ ऐकू येतो आणि पडद्यावर ठिपके सरकताना दिसतात. पाच दाबला की सात, हे त्याला कळत नाही. खरे आकडे मधल्या यंत्रणेतून थेट पेमेंट गेटवेला, म्हणजे कार्डाचा व्यवहार पुढे नेणाऱ्या सेवेला जातात.

हे कसं चालतं ते जरा तपशिलात सांगतो, कारण गडबड नेमकी तिथेच होते. कीपॅडची प्रत्येक कळ दोन सूर एकदम वाजवते. आडव्या ओळीचा एक, उभ्या ओळीचा एक. पाचची कळ म्हणजे ७७० आणि १३३६ हर्ट्झ. हे सूर इतके ठरलेले आहेत की रेकॉर्डिंगमध्ये ते आले तर साध्या मोफत सॉफ्टवेअरने आकडे परत वाचता येतात. त्यामुळे ‘आमच्याकडे ग्राहक कळा दाबतो, बोलत नाही’ एवढ्याने काही सुरक्षित होत नाही. सूर पुसून त्या जागी सपाट आवाज टाकला गेला पाहिजे. आता सूर ओळखायला यंत्राला साधारण ४० मिलिसेकंद तरी तो ऐकावा लागतो. ओळखेपर्यंतचा तुकडा पुढे निसटू द्यायचा नसेल तर यंत्रणेने आवाज किंचित उशिराने पुढे सोडला पाहिजे. चांगल्या यंत्रणा ते करतात. स्वस्तातल्या काहींत प्रत्येक कळेचा बारीकसा ‘टिक’ रेकॉर्डिंगमध्ये राहतो, आणि त्या ‘टिक’मध्येही ते दोन सूर असतात.

दुसरी भानगड इंटरनेटवरच्या टेलिफोनीची. तिथे कळेचा आकडा आवाजातून न जाता डेटाच्या वेगळ्या पाकिटातून जाऊ शकतो. आरएफसी ४७३३ नावाच्या मानकात ती पद्धत दिलीय. उत्तम. पण कधी कधी टेलिफोनीचा गेटवे (पेमेंटचा नव्हे) दोन्ही करतो. वेगळं पाकीटही पाठवतो आणि आवाजातला सूरही काढत नाही. मास्किंगची यंत्रणा पाकीट गिळते आणि समाधानाने बसते, सूर मात्र सरळ एजंटच्या कानात. तिसरी आणि सगळ्यात साधी चूक म्हणजे रेकॉर्डरची जागा. तुमचा रेकॉर्डर ट्रंकच्या बाजूला, म्हणजे मास्किंगच्या अलीकडे लावलेला असेल, तर एजंटला काही ऐकू येत नाही पण रेकॉर्डिंगमध्ये सगळं आहे. मला असं दोनदा सापडलंय. दोन्ही वेळा मास्किंगचं काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सह्या झालेल्या होत्या.

म्हणून सही करण्याआधी एक चाचणी स्वतः करा. वेगवेगळ्या फोनवरून कॉल लावा, म्हणजे मोबाईल, लँडलाइन, इंटरनेट कॉलिंगचं अ‍ॅप, सगळं. कार्ड मागितलं की १ ते ९ आणि ० ओळीने दाबा. मग ते रेकॉर्डिंग ऑडॅसिटीसारख्या प्रोग्रॅममध्ये उघडून त्याचा स्पेक्ट्रोग्राम (आवाजातले सूर रेघांत दाखवणारं चित्र) बघा. कळ दाबल्याच्या जागी दोन आडव्या रेघा दिसल्या तर सूर गळतोय. सगळीकडे एकसारखीच रेघ दिसली तर मास्किंग चालतंय. पंधरा मिनिटांचं काम आहे. वेंडर म्हणेल की आमची चाचणी झालीय, तरी करा. आणि टेलिफोनीत काहीही बदललं, नवी ट्रंक घेतली, एसबीसीचं सॉफ्टवेअर अपडेट झालं, की पुन्हा करा.

एजंटांना सुरुवातीला हे आवडत नाही. ‘आजोबांना कळ सापडणार नाही’, ‘एएचटी (कॉलला लागणारा सरासरी वेळ) वाढेल’, हे मी प्रत्येक ठिकाणी ऐकलंय. माझा अनुभव असा की पहिले दोन आठवडे कॉल लांबतात आणि मग पूर्वीपेक्षा थोडे आखूडच होतात, कारण ऐकण्यातली चूक संपते. कार्ड नंबरचा शेवटचा आकडा हा आधीच्या आकड्यांवरून हिशोब करून काढलेला असतो. आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी १९५४ मध्ये पेटंटसाठी नोंदवलेली ही पद्धत आहे आणि तिच्यामुळे एक आकडा चुकला तर यंत्रणेला तिथल्या तिथे कळतं. एजंटच्या पडद्यावर ‘नंबर चुकला’ एवढंच येतं, नंबर येत नाही. पण आजोबांचा मुद्दा खरा आहे. काहींना हातांच्या त्रासामुळे कळा दाबता येत नाहीत, काहींना फोन कानापासून दूर नेला की एजंट ऐकू येत नाही. त्यांच्यासाठी दुसरी वाट ठेवावीच लागते. आवाज ओळखून आकडे घेणारी यंत्रणा असते, तीत ग्राहक बोलतो पण त्या वेळी एजंटची लाइन बंद असते. किंवा मग ज्यांच्या खोलीत रेकॉर्डिंगच नाही असे दोन-तीन ठरावीक एजंट. संख्या थोडी असेल तर हे दुसरं मला जास्त व्यवहार्य वाटतं.

पेमेंट लिंकचा पर्याय तुम्ही विचारलेला नाही, पण तुमच्याकडे दिवसाला पेमेंटचे कॉल मोजकेच असतील तर तो आधी बघा. एजंट बोलता बोलता एसएमएस किंवा ईमेलवर लिंक पाठवतो, ग्राहक स्वतःच्या फोनवर पैसे भरतो, एजंटला ‘भरले’ एवढं दिसतं. खर्च कमी, स्कोप छोटा. दोष एकच, पण मोठा. तुम्ही ग्राहकाला अशी सवय लावताय की फोनवर कुणी सांगितलं की लिंक उघडायची आणि कार्ड टाकायचं. फसवणारे नेमकं हेच करतात. म्हणून लिंक फक्त ग्राहकाने स्वतः केलेल्या कॉलमध्ये पाठवा, पत्ता तुमच्या ओळखीच्या संकेतस्थळाचाच असू द्या, थोड्या वेळात बाद होणारी असू द्या, आणि रक्कम व नाव काय दिसेल ते एजंटने आधीच सांगावं. तुम्ही स्वतः ग्राहकाला फोन करत असाल तर त्या कॉलवर पैसे घेऊच नका, कुठल्याच पद्धतीने. तुम्ही खरे आहात हे ओळखायला त्या बिचाऱ्याकडे काहीही साधन नसतं. त्याला सांगा की बिलावर किंवा संकेतस्थळावर जो नंबर आहे त्यावर तुम्हीच फोन करा. आणि ओटीपी ही एजंटने कधीच, कुठल्याही कारणाने विचारायची गोष्ट नाही.

एजंटला बाजूला काढून ग्राहकाला पूर्णपणे आयव्हीआरवर (‘एक दाबा, दोन दाबा’ सांगणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेवर) पाठवणं हाही एक मार्ग आहे. सुरक्षित आहे, पण मधेच अडकलेला ग्राहक परत रांगेत शेवटी जाऊन बसतो आणि चिडतो. रक्कम ठरलेली आणि ग्राहक सवयीचे असतील तरच.

घरून काम करणाऱ्यांबद्दल. नंबर एजंटला ऐकू येत असेल तर माझं मत स्पष्ट आहे: घरी पेमेंटचे कॉल देऊ नका. घरात कोण बसलंय, टेबलावर आवाज ऐकणारं कुठलं यंत्र आहे, खिडकी कुठे उघडते, यातलं तुम्ही काहीच तपासू शकत नाही. कॅमेरा लावून एजंटवर नजर ठेवायची योजना काही लोक आणतात. त्याने विश्वास जातो आणि कान काही झाकले जात नाहीत. शिवाय दूरच्या जोडणीतून काम करणाऱ्याला कार्ड नंबर कॉपी करून दुसरीकडे नेता येऊ नये यासाठी तांत्रिक अटकाव हवा, ही अटही आता लागू आहे. मास्किंग किंवा लिंक असेल तर हा प्रश्न बराचसा विरघळतो. घरी नंबर पोचतच नाही, मग तो घरात कोण ऐकतंय याची चिंता कशाला? तुमच्या दोन प्रश्नांचं उत्तर एकच निघतं ते इथे.

मात्र एकदा मास्किंग लावलं म्हणजे जुना साठा धुतला जात नाही. गेल्या कित्येक वर्षांची रेकॉर्डिंग तशीच पडून आहेत, आणि काही व्यवसायांत ती ठराविक काळ ठेवणं कायद्याने भागही असतं. जी ठेवायची गरज नाही ती काढून टाका, हे पहिलं. उरलेल्यांत आकडे शोधून तेवढा तुकडा गप्प करणारी साधनं मिळतात. ती घेताना एक गोष्ट तपासा. बरीचशी साधनं इंग्रजीत सुटे सुटे सांगितलेले आकडे ओळखायला शिकलेली असतात. आपल्याकडे माणूस ‘सत्तेचाळीस, छप्पन्न, डबल झीरो’ असं सांगतो. ‘सदतीस’ आणि ‘सत्तावीस’ यांत ते साधन गोंधळतं, शेवटच्या आकड्याचा तो हिशोब जुळत नाही, आणि ‘हा कार्ड नंबर नव्हे’ म्हणून ते पुढे जातं. तुमचे ग्राहक ज्या ज्या भाषांत नंबर सांगतात त्या भाषांतले कॉल देऊन चाचणी घ्या. आणि फक्त नंबर गप्प करून थांबू नका. मागून येणारे सीव्हीव्हीचे तीन आकडे (अमेरिकन एक्सप्रेसचे चार) कुठल्याच हिशोबाने ओळखू येत नाहीत, म्हणून नंबरानंतरचं अर्धं-पाऊण मिनिट सरसकट पुसावं.

तसंच सीआरएमच्या (ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) शेऱ्यांच्या रकान्यात बघा. एजंट प्रामाणिकपणे, ग्राहकाला पुन्हा त्रास नको म्हणून, तिथे पूर्ण नंबर लिहून ठेवतात. मला सापडलेली एक नोंद अशी होती: ‘ग्राहक प्रवासात आहे, उद्या परत प्रयत्न करायचा’ आणि पुढे नंबर, मुदत, सीव्हीव्ही, सगळं. हेतू चोरीचा अजिबात नव्हता. तिथे तेरा ते एकोणीस आकड्यांचा, हिशोबात बसणारा क्रमांक टाइपच होऊ नये अशी अडवणूक करता येते, करून घ्या. ग्राहक वारंवार पैसे भरणारे असतील तर टोकन (नंबराच्या जागी वापरायचा पर्यायी क्रमांक) वापरा, म्हणजे पुढच्या वेळी नंबर विचारावाच लागत नाही. आणि नेटवर्कवाल्यांना विचारा की आवाज तुटत होता तेव्हा कॉलची पाकिटं पकडून ठेवलेल्या फायली कुठे आहेत. वायरशार्क या पाकिटं तपासायच्या प्रोग्रॅममध्ये त्या उघडून संभाषण ऐकता येतं, हे त्यांना माहीत असतं पण त्यात कार्ड नंबर असेल हे डोक्यात येत नाही.

मी एवढा आग्रही का आहे, त्यामागे एक प्रसंग आहे. एका सेंटरमध्ये ग्राहकाची तक्रार आली की आमच्याकडे कार्ड दिल्यावर दोन दिवसांत त्यावर भलतीच खरेदी झाली. त्या ग्राहकाशी तीन एजंट बोलले होते. तिघांना आलटून-पालटून खोलीत बसवून चौकशी झाली, लॉकर उघडले गेले, घरचे प्रश्न विचारले गेले. काहीच निघालं नाही. नंबर कुठून गेला हे शेवटपर्यंत कळलं नाही. कदाचित त्या सेंटरचा त्यात संबंधही नसेल. पण त्या तिघांकडे टीम नंतर वेगळ्या नजरेने बघायची, आणि त्यातल्या एका मुलीने महिन्याभरात नोकरी सोडली. तिने तो नंबर ऐकला होता, एवढाच तिचा दोष. मोबाईल काढून घेणं, पेन काढून घेणं यात एजंट हा संशयित असतो. नंबर त्याच्यापर्यंत येऊच दिला नाही तर त्याच्यावर संशय घ्यायला जागाच राहत नाही. मास्किंगला विरोध करणाऱ्या एजंटांना मी हेच सांगतो आणि बहुतेकांना ते पटतं.

वेंडरशी बोलताना ‘आम्ही पीसीआय सर्टिफाइड आहोत’ एवढ्यावर मान डोलावू नका. त्यांचं अनुपालनाचं प्रमाणपत्र मागा आणि त्यात कोणती सेवा तपासली गेलीय ते वाचा. कधी कधी तपासलेलं असतं त्यांचं संकेतस्थळ आणि तुम्ही विकत घेताय ती टेलिफोन सेवा. कोणती जबाबदारी त्यांची आणि कोणती तुमची, हे लेखी घ्या. मानकही तेच मागतं. परिषदेने फोनवरच्या कार्ड-माहितीसाठी खास मार्गदर्शिका काढलीय, पहिली २०११ मध्ये आणि सुधारलेली नोव्हेंबर २०१८ मध्ये. ऑडिटर यायच्या आधी ती एकदा वाचून काढा, त्याचे निम्मे प्रश्न त्यातलेच असतात.

तुमच्या परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते एकत्र सांगतो. पेमेंटचे कॉल मोजके असतील तर लिंक. दिवसभर चालू असतील तर मास्किंग, आणि ते शक्यतो तुमच्या इमारतीच्या बाहेर, म्हणजे आवाज तुमच्या यंत्रणेत शिरण्याआधीच. एक्स्चेंज जुनं असेल आणि बदलायला वर्ष लागणार असेल तर तोवर आपोआप चालणारं पॉज-रिझ्यूम घ्या, पण नाकारलेल्या पेमेंटनंतर रिझ्यूम होणार नाही असं ते बसवून घ्या. या आठवड्यात, काहीही विकत न घेता, वेगवेगळ्या शिफ्टमधले तीस-चाळीस पेमेंटचे कॉल आणि तेवढेच बिनपेमेंटचे कॉल स्वतः बसून ऐका. व्यवस्थापनापुढे जाताना त्याचा जेवढा उपयोग होतो तेवढा कुठल्याच सादरीकरणाचा होत नाही.

आणि मास्किंग सुरू केल्यावर पहिल्याच दिवशी तुम्हाला एक गंमत दिसेल, तिची तयारी आधीच ठेवा. ग्राहक कळा दाबतात आणि दाबताना तोंडानेही म्हणतात. चार दाबायचा आणि ‘चार’ म्हणायचं. लहानपणी पाढे म्हटल्यासारखं. सूर पुसला जातो, आवाज नाही. म्हणून एजंटचं वाक्य कळा दाबायच्या आधी यायला हवं: ‘आता नंबर बोलू नका, मलाही तो ऐकू यायला नकोय, फक्त दाबा.’ ‘मलाही’ हा शब्द ठेवा. तो ऐकून लोक खरोखर थांबतात. त्यातूनही कुणी बोललंच तर एजंटने मधेच, उद्धट वाटलं तरी, थांबवावं आणि कॉलवर खूण करावी. त्या खुणेचे कॉल त्याच संध्याकाळी टीम लीडरने काढून तेवढा तुकडा पुसायचा. पहिल्या आठवड्यात ती यादी लांब असेल. कुणाची खूण एकदाही आली नाही तर त्या एजंटचे दोन-चार कॉल मुद्दाम ऐका.